कार्यरत आज्ञावलीच्या कॉल स्टॅकचे अवलोकन : आज्ञा-ओळीवरील एक साधन आणि त्याचा निदानातील उपयोग

सारांश

संगणकावरील आज्ञावली चालता चालता थांबली की ती बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्वत्र रूढ झालेला उपाय आहे. या उपायाने काम कधी पुढे सरकते, परंतु ते का थांबले होते याचा पुरावा नष्ट होतो. आणि काही प्रसंगी नोंदींमध्ये नवी चूक शिरते. थांबलेली आज्ञावली नेमकी कोठे व कशासाठी थांबली आहे हे तिच्या कॉल स्टॅकवरून कळू शकते. लिनक्स प्रणालीवरील 'जीस्टॅक' या साधनाच्या आधारे कॉल स्टॅक म्हणजे काय, तो कसा पाहावा, कसा वाचावा व त्यावरून कोणते निष्कर्ष काढू नयेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कॉल स्टॅक, जीस्टॅक, डीबगर, प्रोसेस, डेडलॉक, निदान, संगणकशास्त्राचे अध्यापन.

१. प्रस्तावना

निकाल जाहीर होण्याच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा विभागातील आज्ञावली ग्रेस गुणांची नोंद करीत आहे, असा प्रसंग कल्पनेत आणावा. काहीशे विद्यार्थ्यांची नोंद होते आणि त्यानंतर पडदा निश्चल होतो. त्रुटीचा संदेश येत नाही, आज्ञावली बंदही पडत नाही. दहा मिनिटे वाट पाहिली जाते; मग कोणीतरी आज्ञावली बळाने बंद करून पुन्हा सुरू करतो. ती पुन्हा त्याच विद्यार्थ्यापाशी थांबते. पुन्हा बंद, पुन्हा सुरू.

या उपायामागे एक गृहीत धारणा असते. थांबलेली आज्ञावली म्हणजे बिघडलेली आज्ञावली, आणि नव्याने सुरू केली की बिघाड नाहीसा होतो, ही ती धारणा होय. प्रत्यक्षात थांबलेल्या आज्ञावलीच्या मेमरीत आपल्या स्थितीचा तपशीलवार पुरावा असतो. ती बंद करताच तो पुरावा कायमचा पुसला जातो. घटनास्थळ धुऊन काढल्यावर पंचनामा करता येत नाही. तसाच हा प्रकार आहे. म्हणून आधी पंचनामा आणि मग साफसफाई, हा क्रम संगणकाच्या बाबतीतही पाळला जाणे आवश्यक ठरते.

२. कॉल स्टॅक : संकल्पना

कोणतीही आज्ञावली अनेक लहान कार्यघटकांची बनलेली असते. या घटकांना फंक्शन म्हणतात. एक फंक्शन आपले काम करता करता दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. बोलावलेल्याचे काम पूर्ण होईपर्यंत बोलावणाऱ्याचे काम अर्धवट राहते. अशा अर्धवट राहिलेल्या सर्व कामांची क्रमवार मांडणी म्हणजे कॉल स्टॅक. स्टॅक म्हणजे चळत. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलावे लागते. त्याचप्रमाणे शेवटी बोलावलेले फंक्शन प्रथम पूर्ण होते.

ही रचना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारतात भगवद्गीता चालू असते तेव्हा एकाच वेळी चार संवाद अर्धवट असतात. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना कथा सांगत आहे. त्या कथेत वैशंपायन जनमेजयाला कुरुकुलाचा वृत्तान्त सांगत आहे. त्या वृत्तान्तात संजय धृतराष्ट्राला युद्धाचे वर्णन ऐकवीत आहे. आणि त्या वर्णनात श्रीकृष्ण अर्जुनाला उपदेश करीत आहे. सर्वांत आतला संवाद संपला की सूत्र संजयाकडे परत येते, संजयाचे कथन संपले की वैशंपायनाकडे, आणि अखेरीस सौतीकडे. मध्येच येऊन बसलेल्या श्रोत्याला 'आता कोण, कोणाशी आणि कोणत्या निमित्ताने बोलत आहे' हे समजून घ्यायचे असेल, तर ही चार नावे त्याच क्रमाने सांगावी लागतील. कॉल स्टॅक नेमके हेच सांगतो.

याच दृष्टान्तावरून स्टॅकची एक महत्त्वाची मर्यादाही ध्यानात येते. गीतेच्या क्षणी ही चार नावे सांगितली, तरी त्यापूर्वी सांगून संपलेल्या अनेक उपाख्यानांचा त्या यादीत मागमूस नसतो. स्टॅक हा घडून गेलेल्या गोष्टींचा इतिहास नव्हे. तो अद्याप पूर्ण न झालेल्या कामांची यादी आहे. स्टॅकचे वाचन करताना होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद विसरल्यामुळे होतात.

यंत्राच्या पातळीवर ही व्यवस्था अत्यंत साधी आहे. आजच्या प्रचलित चौसष्ट-बिट इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर 'कॉल' ही सूचना अमलात येते, तेव्हा तिच्या लगतच्या पुढील सूचनेचा पत्ता मेमरीतील स्टॅकवर ठेवला जातो. हा परतीचा पत्ता होय. बोलावलेले फंक्शन संपताना 'रेट' ही सूचना तो पत्ता उचलते आणि काम तेथून पुढे चालू होते. परतीच्या पत्त्यासोबत त्या फंक्शनची तात्पुरती मूल्ये आणि जतन केलेली काही रजिस्टर-मूल्येही स्टॅकवर असतात. एका फंक्शनच्या वाट्याच्या या सामग्रीला फ्रेम म्हणतात. फ्रेममागून फ्रेम ओलांडत मुळापर्यंत जाणे म्हणजेच स्टॅकचे अवलोकन.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या सुमारास लिहिलेल्या एसीई या यंत्राच्या आराखड्यात परतीच्या पत्त्यांसाठी 'पुरणे' आणि 'उकरून काढणे' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. जर्मनीतील फ्रीड्रिश बाउअर व क्लाउस सामेलझोन यांनी १९५७ मध्ये या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची सोय स्टॅकच्या आधारे कशी करता येते, याची मांडणी केली. पुढे ही व्यवस्था जवळजवळ सर्व प्रोग्रॅमिंग भाषांचा पाया बनली.

३. साधनाची ओळख

लिनक्स प्रणालीवर चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीला प्रोसेस म्हणतात आणि तिला एक क्रमांक असतो. 'पीएस' या आज्ञेने तो क्रमांक मिळतो. त्यानंतर टर्मिनलवर 'जीस्टॅक' ही आज्ञा व तिच्यापुढे तो क्रमांक लिहिला की संबंधित प्रोसेसचा कॉल स्टॅक पडद्यावर उमटतो. एवढाच हा विधी आहे. हेच साधन काही ठिकाणी 'पीस्टॅक' या नावाने उपलब्ध असते; हे नाव सोलारिस प्रणालीवरील तशाच साधनामुळे परिचित झाले.

जीस्टॅक ही स्वतंत्र यंत्रणा नसून जीडीबी या डीबगरला काम सांगणारी एक लहान आज्ञा-संहिता आहे. जीडीबीची निर्मिती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी केली. ज्या प्रणालीवर जीस्टॅक नसेल तेथे जीडीबी त्या प्रोसेसला जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बॅकट्रेस' ही आज्ञा दिली असता तेच फळ मिळते. थ्रेड म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्वतंत्र स्टॅक असतो, म्हणून 'सर्व थ्रेड' असे सांगणे आवश्यक असते.

पडद्यामागे पुढील क्रिया घडतात. जीडीबी 'पीट्रेस' या प्रणाली-सेवेच्या साहाय्याने प्रोसेसला जोडले जाते; ही सेवा १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपासून युनिक्समध्ये आहे. जोडणी होताच प्रोसेस क्षणभर थांबवली जाते. तिच्या रजिस्टरांतून 'आता कोणती सूचना चालू आहे' आणि 'स्टॅकचे टोक कोठे आहे' ही दोन मूल्ये वाचली जातात. तेथून एकेक फ्रेम मागे जात परतीचे पत्ते गोळा केले जातात. हे पत्ते केवळ आकडे असतात. सिम्बॉल टेबल या नावसूचीशी ताडून त्यांची फंक्शन-नावे ठरवली जातात. शेवटी जोडणी सोडली जाते आणि प्रोसेस जेथे होती तेथून पुढे चालू लागते. आज्ञावलीच्या मूळ संहितेत एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही, आणि ती अगोदरपासून विशेष रीतीने सुरू केलेली असण्याचीही गरज नसते. या साधनाचे खरे मोल येथेच आहे.

४. नोंदीचे वाचन : एक उदाहरण

प्रस्तावनेतील काल्पनिक आज्ञावली सी भाषेत लिहिलेली असून ती पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलते असे मानू. ती थांबलेली असताना जीस्टॅकने पुढील स्वरूपाची नोंद मिळेल. नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत आणि डेटाबेसच्या संग्रहातील मधल्या काही ओळी वगळून क्रमांक सलग केले आहेत.

#० पोल
#१ पीक्यूगेटरिझल्ट
#२ पीक्यूएक्झेक
#३ ग्रेसगुण_नोंदवा
#४ विद्यार्थी_निकाल
#५ वर्ग_निकाल
#६ मेन

ही नोंद खालून वर वाचली की आज्ञावलीचा प्रवास कळतो. वरून खाली वाचली की थांबण्याचे निमित्त कळते. मुख्य फंक्शनने वर्गाचा निकाल करण्यास सांगितले, त्याने एका विद्यार्थ्याचा, त्यात ग्रेस गुण नोंदवण्याचे काम निघाले. त्यासाठी डेटाबेसला आज्ञा पाठवली गेली आणि आता उत्तराची प्रतीक्षा चालू आहे. सर्वांत वरचे 'पोल' हे फंक्शन म्हणजे दाराशी कान लावून बसणे. याचा अर्थ, आज्ञावली बिघडलेली नाही. ती वाट पाहत आहे, आणि अडथळा तिच्या बाहेर, डेटाबेसमध्ये आहे.

येथून शोधाची दिशा बदलते. डेटाबेसमध्ये 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या तक्त्यात सर्व जोडण्यांची स्थिती दिसते. कोणती जोडणी कोणाला अडवून बसली आहे हे २०१६ च्या ९.६ या आवृत्तीपासून 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' या फंक्शनने कळते. अशा प्रसंगी नेहमी आढळणारे कारण अगदी साधे असते. दुसऱ्या टेबलावरील संगणकावर कोणीतरी त्याच विद्यार्थ्याचा गुण दुरुस्त केलेला असतो, परंतु तो बदल कायम करण्याची अंतिम आज्ञा न देताच खिडकी उघडी ठेवून तो घरी गेलेला असतो. तोपर्यंत त्या नोंदीत दुसऱ्या कोणालाही बदल करता येत नाही.

आता पुन्हा सुरू करण्याच्या उपायाचा परिणाम पाहू. आज्ञावली बळाने बंद केली, तरी तिने डेटाबेसकडे पाठवलेली आज्ञा आपोआप रद्द होत नाही. डेटाबेसमधील तिचा प्रतिनिधी अडथळा दूर होण्याची वाट पाहत तसाच उभा राहतो. आपला ग्राहक निघून गेला आहे हे सामान्यतः त्याला उत्तर पाठवण्याच्या वेळीच कळते. आज्ञावली पुन्हा सुरू केली आणि ती त्याच विद्यार्थ्यापासून पुढे निघाली की त्याच नोंदीसाठी दुसरा प्रतिनिधी रांगेत लागतो. तिसऱ्या वेळी तिसरा. प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे कायम होईल अशी रचना असेल आणि आज्ञेचे स्वरूप 'असलेल्या गुणांत ३ मिळवा' असे असेल, तर उघडी खिडकी बंद होताच रांगेतील तिन्ही आज्ञा एकामागून एक अमलात येतील. ३ गुणांचा हक्क असलेल्या विद्यार्थ्याला ९ गुण मिळतील. पडद्यावर कोणताही त्रुटी-संदेश येणार नाही, आणि निकालपत्रक वरकरणी निर्दोष दिसेल.

अर्थात अशी आज्ञावली लिहिण्यातच दोष आहे, असे म्हणता येईल आणि ते योग्यही आहे. संपूर्ण विद्यार्थ्याची नोंद एका व्यवहारात बांधली असती, किंवा 'मिळवा' ऐवजी 'गुण इतके करा' अशी आज्ञा असती, तर हा अनर्थ टळला असता. परंतु वापरणाऱ्याच्या हाती आज्ञावलीची घडण नसते. त्याच्या हाती असते ते बंद करण्यापूर्वी पाहणे. अर्ध्या मिनिटाच्या नोंदीने अडथळा कोठे आहे हे कळले असते आणि पुन्हा सुरू करण्याचा मोह टळला असता.

५. थांबण्याचे प्रकार

बाहेरून सर्व थांबलेल्या आज्ञावली सारख्याच दिसतात. पीएस आज्ञेने दिसणारे स्थितीचे अक्षर आणि कॉल स्टॅक ही दोन्ही एकत्र पाहिली असता त्यांचे चार प्रकार वेगळे करता येतात.

(अ) बाह्य प्रतीक्षा : स्थितीचे अक्षर 'एस', म्हणजे निद्रिस्त. स्टॅकच्या टोकाशी पोल, रीड यांसारखे प्रतीक्षेचे फंक्शन असते. वरील उदाहरण या प्रकारचे आहे. येथे दोष शोधायचा तो पलीकडच्या बाजूस.

(आ) अखंड आवर्तन : स्थितीचे अक्षर 'आर', म्हणजे धावती. 'टॉप' या आज्ञेत प्रोसेसरचा एक गाभा जवळजवळ पूर्ण व्यापलेला दिसतो. अनेक नोंदी घेतल्या तर स्टॅकचा वरचा भाग बदलत राहतो, खालचा मात्र स्थिर असतो. जेथे स्थिर भाग संपतो आणि बदलता भाग सुरू होतो, त्या सीमेवरील फंक्शनमध्ये न संपणारे आवर्तन असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

(इ) परस्पर अडवणूक अर्थात डेडलॉक : दोन थ्रेड दोन लॉक उलट क्रमाने घेऊ पाहतात. पहिल्याकडे विद्यार्थ्याचा लॉक आहे आणि त्याला विषयाचा हवा आहे. दुसऱ्याकडे विषयाचा आहे आणि त्याला विद्यार्थ्याचा हवा आहे. दोघेही अनंतकाळ उभे राहतात. अशी अडवणूक उद्भवण्यासाठी आवश्यक असलेल्या चार अटींची मांडणी कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये केली. स्टॅकवरून प्रत्येक थ्रेड लॉकची वाट पाहत असल्याचे दिसते. परंतु लॉक कोणाकडे आहे हे त्यावरून थेट दिसत नाही. लिनक्सवरील सामान्य म्यूटेक्स लॉकच्या अंतरंगात 'ओनर' हा रकाना असतो आणि त्यात धारक थ्रेडचा क्रमांक असतो. जीडीबीतून तो रकाना वाचला की अडवणुकीचे वर्तुळ पूर्ण उलगडते.

(ई) कर्नलमधील प्रतीक्षा : स्थितीचे अक्षर 'डी'. प्रोसेस प्रणालीच्या गाभ्यात, बहुधा डिस्क किंवा जाळ्यावरील संचयाच्या प्रतीक्षेत अडकलेली असते. येथे जीस्टॅक स्वतःच अडकून पडण्याची शक्यता असते, कारण जोडणीसाठी प्रोसेस थांबावी लागते आणि ती थांबवण्याच्याही अवस्थेत नसते. अशा वेळी 'प्रॉक' या निर्देशिकेत प्रोसेसच्या क्रमांकाखाली असलेली 'स्टॅक' ही फाइल प्रशासकाच्या अधिकाराने वाचावी. कर्नलच्या २.६.२९ या २००९ मधील आवृत्तीपासून तेथे कर्नलमधील स्टॅक पाहता येतो.

६. एक नोंद पुरेशी नाही

एक छायाचित्र पाहून माणूस उभा आहे की चालत आहे हे सांगता येत नाही. स्टॅकची एक नोंद हेही छायाचित्रच आहे. म्हणून काही सेकंदांच्या अंतराने किमान तीन नोंदी घ्याव्यात. तिन्ही अक्षरशः एकसारख्या असतील तर आज्ञावली थांबलेली आहे असे मानण्यास आधार मिळतो; वेगवेगळ्या असतील तर ती थांबलेली नाही; ती संथ तरी आहे किंवा अखंड आवर्तनात तरी सापडली आहे.

हीच पद्धत थोडी वाढवली की संथपणाचे कारणही कळते. एखादे फंक्शन, स्वतः किंवा त्याने बोलावलेल्या फंक्शनांद्वारे, एकूण वेळेच्या निम्मा वेळ घेत असेल, तर यादृच्छिक क्षणी घेतलेल्या १० नोंदींपैकी एकाही नोंदीत ते न दिसण्याची संभाव्यता १०२४ मध्ये १ इतकी अल्प असते. उलटपक्षी, केवळ १ टक्का वेळ घेणारे फंक्शन १० नोंदींत एकदा तरी दिसण्याची संभाव्यता सुमारे ९.६ टक्के असते. तात्पर्य, मोठा दोष थोड्या नोंदींत सापडतो आणि लहान दोषासाठी शेकडो नोंदी लागतात. संख्याशास्त्राच्या अध्यापकांना नमुना-निवडीचे हे उदाहरण वर्गात सहज वापरता येईल. लिनक्सवरील 'पर्फ' हे साधन अशा हजारो नोंदी अल्प खर्चात घेते, आणि ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये विकसित केलेला 'फ्लेम ग्राफ' त्या एका चित्रात मांडतो.

७. जावा व पायथन

महाविद्यालयांतील अभ्यासक्रमात जावा व पायथन या भाषांना मोठे स्थान आहे. या भाषांतील आज्ञावली मधल्या यंत्रणेमार्फत चालते. त्यामुळे जीस्टॅक वापरल्यास विद्यार्थ्याने लिहिलेल्या फंक्शनांऐवजी त्या यंत्रणेचीच अंतर्गत फंक्शने दिसतात. म्हणून येथे भाषेचे स्वतःचे साधन वापरावे लागते. जावासाठी 'जेस्टॅक' हे साधन जावाच्या विकास-संचातच येते. ते प्रत्येक थ्रेडचा स्टॅक तर देतेच, शिवाय जावातील लॉकमुळे झालेला डेडलॉक स्वतः ओळखून त्यात गुंतलेल्या थ्रेडची नावेही सांगते. पायथनसाठी 'पाय-स्पाय' हे साधन बाहेरून स्टॅक दाखवते. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथनमध्ये असलेले 'फॉल्टहँडलर' हे मॉड्यूल आज्ञावलीत आधीच अंतर्भूत केले असेल, तर तिलाच स्वतःचा स्टॅक सांगावयास लावता येते.

८. मर्यादा आणि दक्षता

पहिली मर्यादा नावांची. अनेक आज्ञावली आकार लहान करण्यासाठी नावसूची काढून टाकून वितरित केल्या जातात. अशा वेळी नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसतात. दुसरी मर्यादा कम्पायलरच्या काटकसरीची. लहान फंक्शन बोलावणाऱ्यातच मिसळून टाकले जाते, किंवा शेवटच्या आवाहनासाठी नवी फ्रेम न करता जुनीच वापरली जाते. परिणामी साखळीतील एखादा दुवा गळालेला दिसतो. शिवाय फ्रेम-निर्देशक रजिस्टर अन्य कामासाठी मोकळे केल्यामुळे फ्रेम ओलांडणे अवघड होते व वेगळ्या तक्त्यांचा आधार घ्यावा लागतो. या अडचणीची दखल घेऊन फेडोराने २०२३ मधील ३८ व्या आवृत्तीत आणि उबंटूने २०२४ मधील २४.०४ या आवृत्तीत आपल्या आज्ञावली पुन्हा फ्रेम-निर्देशकासह बांधण्यास आरंभ केला.

तिसरी बाब अधिकाराची. एका प्रोसेसने दुसरीच्या मेमरीत डोकावणे हे निदानाचे साधन आहे, तसेच चोरीचेही. म्हणून उबंटूने २०१० पासून आणि मुख्य कर्नलने २०१२ च्या ३.४ आवृत्तीपासून 'पीट्रेस_स्कोप' हे नियंत्रण उपलब्ध केले. त्याचे मूल्य १ असेल तर सामान्य वापरकर्त्याला, विशेष परवानगी दिलेली नसल्यास, केवळ आपणच सुरू केलेल्या उप-प्रोसेसचे अवलोकन करता येते. अन्यथा प्रशासकाचा अधिकार लागतो. नोंदीत फंक्शनांना दिलेली मूल्येही उमटू शकतात. त्यांत विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक किंवा पासवर्डही असू शकतो. नोंद बाहेरच्या तंत्रज्ञाकडे पाठवण्यापूर्वी ती वाचून पाहणे हे कर्तव्यच होय.

चौथी बाब खर्चाची. अवलोकनाच्या काळात प्रोसेस थांबलेली असते. लहान आज्ञावलीत हा काळ जाणवत नाही. मोठ्या आज्ञावलीत नावसूची वाचण्यात कित्येक सेकंद जाऊ शकतात. अनेकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या सर्व्हरवर हे भान ठेवणे आवश्यक आहे.

९. अध्यापनातील स्थान

प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी आज्ञावली लिहितो, ती चालते आणि वहीवर स्वाक्षरी होते. न चालणाऱ्या आज्ञावलीचे काय करावे, हे त्याला पद्धतशीरपणे क्वचितच शिकवले जाते. तो ओळी बदलून पाहतो आणि योगायोगाने यश आले की पुढे जातो. कॉल स्टॅकचे अवलोकन ही या सवयीला उत्तम पर्याय देणारी शिस्त आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही, कारण जीडीबी मुक्त व विनामूल्य आहे.

शिक्षकाने मुद्दाम सदोष अशा तीन लहान आज्ञावली तयार कराव्यात : एक अखंड आवर्तनाची, एक दोन लॉकच्या अडवणुकीची आणि एक कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहणारी. विद्यार्थ्यांना संहिता न दाखवता फक्त प्रोसेसचा क्रमांक द्यावा. त्यांनी प्रथम अंदाज लिहावा, मग स्टॅक पाहावा, मग अंदाज तपासावा. अंतहीन स्व-आवाहन करणारी चौथी आज्ञावलीही उद्बोधक ठरते. लिनक्सवर मुख्य थ्रेडच्या स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट असते. प्रत्येक फ्रेम ६४ बाइटची धरली तर सुमारे १ लाख ३१ हजार आवाहनांनंतर ती संपते व आज्ञावली कोसळते. जी कल्पना फळ्यावर तासभर समजावूनही धूसर राहते, ती या एका प्रयोगाने स्पष्ट होते.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील कार्यक्रम निश्चित करता येतो. आज्ञावली थांबली असता प्रथम तिची स्थिती पाहावी. काही सेकंदांच्या अंतराने तीन वेळा स्टॅकची नोंद घेऊन ती फाइलमध्ये जतन करावी. घाई असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर 'जीकोर' या आज्ञेने संपूर्ण मेमरीची प्रत काढून ठेवावी, म्हणजे पुढे सवडीने तपास करता येतो. त्या प्रतीत सर्व माहिती असते, म्हणून ती जपून ठेवावी. एवढे झाल्यावर, आणि आज्ञावली कशाची वाट पाहत होती हे समजल्यावरच, ती बंद करावी की अडथळा दूर करावा याचा निर्णय घ्यावा.

कॉल स्टॅक सर्व काही सांगत नाही. काय घडून गेले हे त्याला ठाऊक नसते आणि दोष कोणाचा हे तो ठरवत नाही. कोणते काम कोणासाठी अर्धवट राहिले आहे, एवढेच तो सांगतो. परंतु ३ गुणांच्या विद्यार्थ्याला ३ च गुण मिळावेत यासाठी त्या संध्याकाळी नेमकी तेवढीच माहिती हवी असते.